डोटा फँटसी ड्राफ्ट: किल सोडा, वॉर्ड मोजा

वॉर्डवाला_डिचोली

इंटरनॅशनलच्या (डोटा २ या पाच विरुद्ध पाच ऑनलाइन खेळाची जागतिक स्पर्धा) फँटसी लीगसाठी आठ जण पक्के झाले: खरे खेळाडू आपण निवडायचे, त्यांच्या खेळावरून गुण आपल्याला. गेल्या खेपेला निम्म्या लोकांनी तक्ता न वाचताच खेळाडू उचलले होते, म्हणून ड्राफ्टच्या आधी हा धागा काढतोय. नियम तेच. स्नेक ड्राफ्ट (आळीपाळीने निवड, दर फेरीला क्रम उलटा), प्रत्येकी पाच खेळाडू: दोन कोअर (पोझिशन १ म्हणजे कॅरी, किंवा ३ म्हणजे ऑफलेनर), एक मिड (पोझिशन २, मधल्या वाटेवरचा), दोन सपोर्ट (४ किंवा ५, बाकीच्यांना मदत करणारे). दर गेमचे गुण, शेवटी सगळ्यांची बेरीज. व्हॉल्वची (खेळ बनवणारी कंपनी) आताची फँटसी वेगळी आहे, आपण मात्र जुन्या कंपेंडियमचा (स्पर्धेच्या डिजिटल पुस्तिकेचा) तक्ता वापरतो:

किल: ०.३
मरण: ३ पासून सुरुवात, दर मरणाला ०.३ वजा
लास्ट हिट (शत्रूच्या क्रीपवर, म्हणजे संगणकाच्या शिपायावर, शेवटचा घाव) आणि डिनाय (आपलाच क्रीप शत्रूच्या आधी मारणं): प्रत्येकी ०.००३
जीपीएम (मिनिटाला मिळालेलं सोनं): गुणिले ०.००२
टॉवर (शत्रूचा बुरूज): १, रोशन (नकाशावरचा मोठा राक्षस): १
टीमफाइट सहभाग (संघाच्या किती टक्के किलमध्ये हात होता): गुणिले ३
ऑब्झर्व्हर वॉर्ड (नकाशावर लावायचा, आजूबाजूचं दाखवणारा डोळा): ०.५
कॅम्प स्टॅक (जंगलातल्या तळावर जादा क्रीप साठवणं): ०.५
रून (ठरावीक वेळी नकाशावर येणारी, उचलली की फायदा देणारी वस्तू): ०.२५
फर्स्ट ब्लड (गेममधला पहिला किल): ४
स्टन (शत्रूला जागीच खिळवणं): दर सेकंदाला ०.०५

आता दोन गेम मांडून बघू. आकडे मी बसवलेत, पण व्यावसायिक सामन्यात असेच दिसतात.

कॅरी. १० किल, २ मरणं, लास्ट हिट आणि डिनाय मिळून ४१५, जीपीएम ७००, २ टॉवर, १ रोशन, सहभाग ६० टक्के, २ स्टॅक, ५ रून, २० सेकंद स्टन. किलचे ३, मरणाचे २.४, क्रीपचे १.२४५, जीपीएमचे १.४, टॉवरचे २, रोशनचा १, सहभागाचे १.८, स्टॅकचा १, रूनचे १.२५, स्टनचा १. एकूण १६.१ च्या आसपास.

पोझिशन ५. २ किल, तब्बल ८ मरणं, ४८ क्रीप, जीपीएम २८०, सहभाग ७० टक्के, १४ वॉर्ड, ५ स्टॅक, ६ रून, ४० सेकंद स्टन. किलचे ०.६, मरणाचे ०.६, क्रीपचे ०.१४४, जीपीएमचे ०.५६, सहभागाचे २.१, वॉर्डचे ७, स्टॅकचे २.५, रूनचे १.५, स्टनचे २. एकूण १७.

आठ वेळा मेलेला सपोर्ट दहा किलवाल्या कॅरीच्या पुढे गेला, आणि त्यातले ७ गुण नुसत्या वॉर्डचे. पाचशेच्या जागी सहाशे जीपीएम केला तर कॅरीच्या पदरात पडतात ०.२. शंभर जास्तीचे क्रीप मारले तर ०.३, म्हणजे एक किल. तरी पहिल्या फेरीत सगळे कॅरीच उचलतात. उचला बापडे, बाकीच्यांचं भलं होतं.

---

फोंडेकर

तक्ता मान्य, पण "सपोर्ट घ्या" एवढ्यावर भागत नाही. ४ आणि ५ मध्ये वॉर्ड कोण लावतो ते संघागणिक बदलतं. वॉर्ड कमीअधिक सगळेच विकत घेतात, पण गुण घेणाऱ्याला नाही, लावणाऱ्याला आहे. काही संघांत ५ नंबरवाला लेनला (नकाशावरच्या वाटेला) चिकटून असतो आणि ४ नंबरवाला नकाशाभर वॉर्ड पेरत फिरतो. पोझिशनचं लेबल बघून निवडलात की फसलात.

ओपनडोटावर (सामन्यांची आकडेवारी देणारी साइट) सामना उघडायचा, व्हिजनच्या पानावर जायचं, ऑब्झर्व्हर आणि सेन्ट्री (अदृश्य गोष्टी दाखवणारा दुसरा वॉर्ड) वेगळे मोजायचे. सेन्ट्रीला आपल्याकडे शून्य आहे. शत्रूचा वॉर्ड फोडला तरी शून्य. उलट आपला वॉर्ड लावल्यावर दहाव्या सेकंदाला फुटला तरी ०.५ जमा.

---

सत्तरीचा_स्टॅक

+१. वॉर्ड अमर्याद नसतात हेही लक्षात घ्या. दुकानात ऑब्झर्व्हर साधारण १३५ सेकंदांनी एक येतो. ४० मिनिटांच्या गेमला २४०० भागिले १३५, म्हणजे १७ ते १८, अधिक सुरुवातीचा साठा. एवढेच संपूर्ण संघाचे. एकाने १४ लावले तर दुसऱ्याला पाचेक उरतात. म्हणून एकाच संघाचे ४ आणि ५ दोन्ही उचलू नका. दोघे एकाच ताटातले पाव खातात.

गेमची लांबीही बघा. २५ मिनिटांत गुंडाळणाऱ्या संघाच्या सपोर्टला ११-१२ वॉर्डांपलीकडे वावच नाही. स्टॅक आणि रूनही तसेच कमी. कॅरीला एवढा फटका बसत नाही, त्याचे टॉवर आणि किल तेवढ्यात होऊन जातात. थोडक्यात, झटपट जिंकणाऱ्या संघाचा कॅरी आणि रटाळ, ताणून खेळणाऱ्या संघाचा सपोर्ट. बघायला कंटाळा येतो तो संघ फँटसीला बरा.

---

मिडचीमावशी

मिडबद्दल कोणीच बोलत नाहीये.

पॉवर रून ६ व्या मिनिटापासून दर २ मिनिटांनी येतात आणि बाटली (रून साठवायची वस्तू) घेऊन फिरणारा मिड त्यातले बरेच गोळा करतो. बारा रून म्हणजे ३ गुण, दहा किलइतके. म्हणून मिड निवडताना हिरोंची (खेळातल्या पात्रांची) यादी बघते मी: बाटली घेणारे, रूनवर आधी पोचणारे हिरो किती वेळा खेळतो ते. जंगलात शिरून बसणारा मिड नको.

---

फोंडेकर

मावशी, मुद्दा बरोबर. पण मिड पहिल्या दोन फेऱ्यांत घेणं तरी चूकच.

संघ १६, म्हणजे मिड १६. आपण आठ जण, प्रत्येकाला एकच मिड. आठवा मिड जाईपर्यंत आठ शिल्लक असतात. समजा वरच्या मिडचा अंदाज गेमला १५.२ आणि आठव्याचा १४.१. अख्खी घाई १.१ गुणांसाठी. सपोर्ट ३२, त्यातले १६ जाणार. पहिल्याचा अंदाज १७ आणि सोळाव्याचा १३ असेल तर फरक ४ चा. जिथे उतार तीव्र तिथे आधी पाय ठेवायचा. प्रत्येक जागेसाठी "मी आत्ता नाही घेतला तर माझी पाळी परत येईपर्यंत काय उरेल" हा एकच प्रश्न. खेळाडू चांगला आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि पाळीचं गणित आधी लिहून ठेवा. तिसऱ्या क्रमांकावर असाल तर तुमचे नंबर ३, १४, १९, ३०, ३५. आठव्यावर असाल तर ८, ९, २४, २५, ४०. आठव्याला दोन खेळाडू लागोपाठ मिळतात, पण ९ नंतर थेट २४. मधल्या चौदा जणांत सपोर्टची झुंबड उडाली तर हात चोळत बसावं लागतं. त्याने ८ आणि ९ ला दोन्ही सपोर्ट घेऊन मोकळं व्हावं.

---

खाजेंवाला

एवढं गणित नको रे बाबांनो. फाल्कन्स संघाचे पाचही घ्या, झालं. २०२५ ला हॅम्बुर्गला तेच जिंकले.

---

वॉर्डवाला_डिचोली

@खाजेंवाला फाल्कन्सचा कॅरी स्कीटर पहिल्या फेरीत घेतलास तर त्यांचे सपोर्ट क्रिट आणि स्नीकिंग तुझ्या पुढच्या पाळीपर्यंत राहतील असं वाटतं का तुला? स्नीकिंग आणि स्कीटर २०२२ ला टुंड्राकडून जिंकले आणि २०२५ ला फाल्कन्सकडून, हे इथे सगळ्यांना पाठ आहे.

शिवाय एका संघाच्या किलची वाटणी पाच जणांत होते. संघाने २५ किल केले तर पाचही खेळाडूंचे मिळून किलगुण ७.५, त्याच्या वर नाही. वॉर्डचं वर सांगितलंच. सहभाग तेवढा सगळ्यांना मिळतो. एका संघाचे दोन, फार तर तीन.

---

पेडणे_पोझिशन५

दोन घ्यायचे तर कुठले, ते मी सांगतो. १ आणि ५. त्यांचे गुण वेगवेगळ्या कप्प्यांतून येतात: टॉवर, रोशन, किल एकाकडे, वॉर्ड, स्टॅक, स्टन दुसऱ्याकडे. १ आणि मिड एकत्र घेतले की दोघे त्याच किलसाठी आणि त्याच टॉवरसाठी भांडतात. टॉवर शेवटचा घाव घालणाऱ्याचा, रोशनचंही तसंच.

ऑफलेनरला आपल्याकडे कोअरच्या जागेत घेता येतं, तिकडे कोणी बघत नाही. टाइडहंटर, मॅग्नस, असे लांब स्टनवाले हिरो खेळणारा ३ नंबर असेल तर एका गेमला ४०-५० सेकंद स्टन सहज होतो, म्हणजे २ ते २.५ गुण. कॅरीला हे जमत नाही. फक्त मरणं बघा. दहा मरणांवर मरणाचा कप्पा शून्य होतो आणि पुढे वजा. पुढे घुसून मरणारे ऑफलेनर पाहायला मजा, यादीत नको.

---

पेडणे_पोझिशन५

दोनदा पडला. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

साखळीची_सावली

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक अजून कोणी मांडलीच नाही. आपण *बेरीज* करतो. म्हणजे गेमची संख्या हाच सगळ्यात मोठा गुणक.

२०२५ चीच रचना धरून हिशेब करा. १६ संघ, स्विस पद्धत (दर फेरीला सारखे विजय असलेल्या संघांत लढत), मालिका बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन गेम जिंकायचे). चार विजय झाले की थेट प्लेऑफ, चार पराभव झाले की घरी. बाकीचे पाच फेऱ्या खेळतात. चार फेऱ्यांनंतर ४-० वर एक संघ, ३-१ वर चार, २-२ वर सहा, १-३ वर चार, ०-४ वर एक. पाचव्या फेरीनंतर तीन संघ वर, तीन बाहेर, आणि उरलेले दहा संघ आणखी एक एलिमिनेशन मालिका (हरला तो बाहेर) खेळतात.

म्हणजे ४-० ने सुटलेला संघ गटात चारच मालिका खेळतो. सगळ्या २-० ने जिंकल्या तर अवघे ८ गेम. ३-२ किंवा २-३ वाला संघ सहा मालिका खेळतो, कमीत कमी १२ गेम, जास्तीत जास्त १८. समजा ९ गेम गुणिले गेमला १६ गुण म्हणजे १४४. १४ गेम गुणिले गेमला १३ म्हणजे १८२. मधल्या फळीचा साधा सपोर्ट अव्वल संघाच्या सपोर्टला ३८ गुणांनी मागे टाकतो.

पुढची गंमत प्लेऑफची. आठ संघ, डबल एलिमिनेशन (एकदा हरला की खालच्या ब्रॅकेटमध्ये, दुसऱ्यांदा हरला की बाहेर), सगळे वरच्या ब्रॅकेटमधून सुरू. वरून न हरता विजेता होणारा चार मालिका खेळतो. गटातल्या चार धरून आठ. गटात सहा खेळून, प्लेऑफमध्ये लागोपाठ दोन हरून सातव्या-आठव्या क्रमांकावर बाहेर पडणाऱ्याच्याही आठच. फरक काय तो फायनलच्या बेस्ट ऑफ फाइव्हचा. सोन्याची खाण खालच्या ब्रॅकेटमध्ये आहे: पहिलीच मालिका हरून फायनल गाठणारा प्लेऑफमध्ये सहा मालिका खेळतो.

---

फोंडेकर

दंडवत. पण कोण ३-२ वर अडकेल हे आधी कसं ओळखणार?

---

साखळीची_सावली

नेमकं ओळखता येत नाही, टोकं टाळता येतात. चौदा-पंधरा-सोळावा वाटणारा संघ नको, ०-४ झालं की ८ ते १२ गेमवर दुकान बंद. आणि पहिल्या दोन वाटणाऱ्यांसाठी जादा किंमत मोजू नका. तिसऱ्या ते नवव्या क्रमांकाच्या पट्ट्यात राहा. त्यातही २-१ ने जिंकणारे-हरणारे संघ शोधा. अलीकडच्या बेस्ट ऑफ थ्री मालिकांपैकी किती तिसऱ्या गेमला गेल्या, एवढा एकच आकडा काढा. अर्ध्याहून जास्त असतील तर त्या संघाचा सपोर्ट डोळे मिटून घ्या.

---

मिडचीमावशी

रचना बदलली तर सगळं पुन्हा मांडावं लागेल हे मात्र लिहून ठेव. तुझं गणित स्विसवर आणि बेरजेवर उभं आहे. "दिवसाची सर्वोत्तम मालिका" असा नियम असता तर उलटं झालं असतं.

---

साखळीची_सावली

हो, तिथे सरासरी आणि उसळी महत्त्वाची, संख्या कमी. म्हणून नियम आधी, नावं नंतर.

---

सत्तरीचा_स्टॅक

शीटबद्दल थोडं, कारण दर वेळी तिथेच घोळ होतो.

एक, ओपनडोटावर सामना पार्स झालेला (तपशील काढलेला) नसेल तर वॉर्ड, स्टॅक, स्टन हे रकाने रिकामे येतात. किल, मरण, जीपीएम मात्र दिसतात, त्यामुळे शंका येत नाही. शीट रिकाम्याला शून्य समजते आणि एखाद्या उत्तम सपोर्टची सरासरी ६ दिसते. मोठ्या स्पर्धांचे सामने बहुतेक पार्स झालेले असतात, पात्रता फेरीचे तपासा. नसेल तर पार्सची विनंती टाका, थोड्या वेळाने पान पुन्हा उघडा. रिकामा रकाना असलेली ओळ सरासरीत धरूच नका.

दोन, फर्स्ट ब्लड अंदाजातून काढून टाका. ४ गुण मोठे दिसतात, पण दहा खेळाडूंत एकालाच मिळतात, म्हणजे सरासरी ०.४. एखाद्याला पाच गेममध्ये तीनदा मिळालं की त्याची सरासरी फुगते आणि तो पहिल्या फेरीत जातो. नशीब विकत घेऊ नका.

तीन, सरासरीऐवजी मध्यक. वीस गेम चढत्या क्रमाने लावा, दहाव्या आणि अकराव्याची सरासरी घ्या. ७० मिनिटांचा एक गेम २५ वॉर्ड देऊन जातो आणि साध्या सरासरीचं वाटोळं करतो.

चार, वीस गेम ताज्या पॅचवरचेच (खेळाच्या ताज्या आवृत्तीवरचे). वीस भरत नसतील तर बारा चालतील, मागच्या पॅचवर जाऊ नका. वॉर्डचा साठा, रूनची वेळ, रोशनची जागा, पॅचमध्ये काहीही हलतं. आणि संघ बदललेल्या खेळाडूचे जुन्या संघाबरोबरचे गेम सपोर्टसाठी बाद. नव्या संघात वॉर्ड दुसराच कोणी लावत असेल.

---

लाईटगेली

ड्राफ्ट कधी आहे? आणि मधेच वीज गेली तर? पावसात आमच्याकडे संध्याकाळी भरवसा नसतो.

---

वॉर्डवाला_डिचोली

रविवारी दुपारी ३. संध्याकाळ मुद्दाम टाळली. प्रत्येक पाळीला ९० सेकंद. प्रत्येकाने आदल्या रात्रीपर्यंत मला क्रमवार यादी पाठवायची: ८ कोअर, ५ मिड, १० सपोर्ट. वेळ संपली की यादीतला वरचा शिल्लक खेळाडू आपोआप तुमचा. वायफायवर विसंबू नका, मोबाईल डेटा चालू ठेवा आणि फोन चार्ज करून बसा.

यादीत जागा आणि क्रम दोन्ही लिहा. "सपोर्ट, कोअर, सपोर्ट, मिड, कोअर" असा. नुसती नावं दिली तर आपोआप निवडीत तिसऱ्या फेरीपर्यंत तीन कोअर गळ्यात पडतात आणि एक जागा वाया जाते.

---

खाजेंवाला

प्रवेश फी ५०० ठेवूया, मग चुरस येईल.

---

फोंडेकर

नको. २२ ऑगस्ट २०२५ ला संमती मिळालेल्या केंद्राच्या कायद्यात पैसे लावून बक्षिसाच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. मांडवीत कॅसिनो तरंगतात म्हणून आपल्यालाही मोकळीक, असं होत नाही पात्रांव. त्यांना १९७६ च्या जुगार कायद्यातल्या दुरुस्तीखाली परवाने आहेत, आपल्याकडे एक शीट आहे. फी नाही, बक्षीस नाही. शेवटच्या आलेल्याने शीट पुढच्या वर्षी सांभाळायची, एवढी शिक्षा पुरे.

---

पेडणे_पोझिशन५

गटानंतर पुन्हा ड्राफ्ट करायची सूचना कोणीतरी केली होती. करू नका. आठ संघ गुणिले पाच म्हणजे ४० खेळाडू, आणि आपण आठ जण गुणिले पाच म्हणजेही ४०. एकही शिल्लक उरत नाही. मिड आठ, मागणी आठ, शेवटच्याला निवडच नाही. करायचंच तर प्रत्येकी तीन: एक कोअर, एक मिड, एक सपोर्ट. तरी मिडचं तेच राहतं, पण कोअर आणि सपोर्ट सोळातले आठच जातील.

---

वॉर्डवाला_डिचोली

बरोबर. एकच ड्राफ्ट, पाचातला एक खेळाडू गटानंतर बदलता येईल. तोही त्याच जागेचा, कोणाच्याच संघात नसलेला. बदल प्लेऑफच्या पहिल्या गेमच्या एक तास आधीपर्यंत. वेळ भारतीय. युरोपात स्पर्धा असली तर उन्हाळ्यात तिकडे सकाळचे १० म्हणजे आपले दुपारचे १.३०. शांघायला असली तर उलटं, ते अडीच तास पुढे, त्यांचे १० म्हणजे आपले सकाळचे ७.३०. दोन्हीत गल्लत करून कुलूप लागल्यावर मला मेसेज करू नका.

---

मिडचीमावशी

बरोबरी झाली तर?

---

वॉर्डवाला_डिचोली

ज्याच्या दोन सपोर्टचे ऑब्झर्व्हर जास्त तो वर.

---

खाजेंवाला

हे मुद्दाम केलंस.

---

वॉर्डवाला_डिचोली

हो. याद्या शनिवारी रात्री १० पर्यंत. पाळीचा क्रम त्यानंतर चिठ्ठ्या टाकून, व्हिडिओ धाग्यावर लावतो.